नावं संपेपर्यंत बसायचं

फोन वाजला तेव्हा मी कचऱ्याचा बिन फुटपाथवर ओढत होतो. सोमवारची सकाळ, आमच्या गल्लीत बिनचा वार. दार उघडंच होतं, आत फोन वाजत होता, आणि मी आधी बिन लावला. नीट लावला, मूठ रस्त्याकडे करून, काउन्सिलवाल्यांना लागतो तसा. कोणाचा फोन आहे ते मला कळलं होतं. हॉस्पिटलवाले इतक्या सकाळी हालहवाल विचारायला फोन करत नाहीत. मग आत गेलो. नर्स म्हणाली, तुम्ही बसला आहात का? मी म्हटलं, उभा आहे, बोला. ती बोलली. कुसुम, माझी बायको, पहाटे गेली होती. ऑपरेशन चांगलं झालं होतं, जखम सुकत होती, आदल्या संध्याकाळी तिनं माझ्याकडून लिंबाचं लोणचं मागवलं होतं... आणि पहाटे मेंदूत रक्ताची गाठ अडकली. मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. इथं इंग्लंडात एवढी वर्षं काढली की माणूस कशालाही थँक यू म्हणतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायचं ते दुकानाच्या यादीपुरतं. पण आमच्या दोन घरं सोडून राहणारी केतकी मागे लागली, काका, मावशींबद्दल लिहा, मी टाइप करून पेपरच्या पुरवणीला पाठवते. ती पुण्याची, इथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी म्हटलं, काय लिहू, ती चांगली होती म्हणून लिहू? मेलेलं प्रत्येक माणूस चांगलंच असतं. केतकी म्हणाली, पिक्चरचं लिहा. तेव्हा पिक्चरचं लिहितो.

मी जहाजावर इंजिनरूममध्ये तेलपाणी करायचो. मेव्हण्यानं कॉव्हेंट्रीत मोटारींच्या कारखान्यात चिकटवलं, तेव्हा समुद्र सुटला तो सुटलाच. कुसुम मागाहून गुहागरहून आली. आमची नीता शाळेत जायला लागल्यावर कुसुमनं कामं धरली, आधी बेकरीत, मग शाळेच्या स्वयंपाकघरात, आणि शेवटी रिटायर होईपर्यंत सिनेमाच्या हॉलमध्ये झाडायला. मोठा हॉल, बरेच पडदे. काम असं की एक खेळ संपून दुसरा सुरू व्हायच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात आतलं सगळं उचलायचं. पॉपकॉर्न, ग्लास, रुमाल, एकदा दातांची कवळी. पिक्चर संपत आला की ह्या बाया काळ्या पिशव्या घेऊन दाराशी उभ्या राहायच्या. पडद्यावर नावं सुरू झाली की लोक बाहेर पडायचे, ह्या आत शिरायच्या. पण काही पिक्चरना चारदोन पोरं उठायचीच नाहीत. कॉमिकवरून काढलेले ते उडत्या माणसांचे, अंतराळातले पिक्चर. नावं संपेपर्यंत ती पोरं चिकटून बसायची, कारण नावं संपल्यावर एक छोटासा तुकडा दाखवतात. ती उठेपर्यंत झाडू घालता येत नाही. म्हणून कुसुम भिंतीला टेकून उभी राहायची आणि तो तुकडा बघायची.

आता हे तुकडे असे असतात की त्यात पुढच्या पिक्चरमधलं संकट दाखवतात. कुठल्यातरी काळ्या गुहेत डोळे उघडतात. कोणीतरी मेलेलं उठून बसतं. कुसुमनं वर्षानुवर्षं पाहिलं ते एवढंच. अख्खा पिक्चर बाहेर कॉरिडॉरमध्ये हूवर, म्हणजे धूळ ओढायचं मशीन, फिरवण्यात जायचा, तिच्या वाट्याला फक्त शेपूट. त्यामुळे तिची खात्री झाली होती की इंग्रजी पिक्चरमध्ये शेवटी नेहमी दुष्टच जिंकतो. गावी बहिणीला फोनवर सांगायची, "अगो, ह्या लोकांचं काही कळत नाही. पैसे देऊन जातात आणि वाईट बघून येतात." मलाही ते खरं वाटायचं. मी कुठं बघायला गेलो होतो?

रिटायर झाल्यावर केतकीनं तिला पहिल्यांदा तिकीट काढून नेलं. कुसुम परत आली ती बूट न काढता सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अहो, ते जिंकले."

"कोण?"

"चांगले. शेवटी चांगलेच जिंकतात. लोक टाळ्या वाजवतात. मग नावं येतात. आणि मग तो येतो."

मी असा हसलो की चहा सांडला. तीही हसली, खोकला येईपर्यंत हसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हसा. पण मी पाहिलं ते काही खोटं नव्हतं. तो येतोच."

तेव्हापासून तिला नाद लागला. बायका भजनाचा नाद करतात, टीव्हीवरच्या मालिकांचा करतात, हिला अंतराळ. त्यातही एकाच पिक्चर-मालिकेचा, एकामागून एक भाग येतात तशा. एक जुनं खटारा जहाज असतं, ग्रहाग्रहांना पाणी पोचवणारं. कप्तान एक तरणी पोर, जिचं गाव जळून गेलंय. आणि सुकाणूवर एक म्हातारा, डोळ्यांनी अधू, कोणाशी धड न बोलणारा. त्याचं इंग्रजी नाव तिच्या जिभेला वळेना, म्हणून ती त्याला तांडेल म्हणायची, आमच्या कोकणात होडीवरच्या मुख्य खलाशाला म्हणतात तसं. "तुमच्यासारखाच खडूस आहे," म्हणायची. आणि एक काळं काहीतरी असतं, त्याला तोंड नाही, आकार नाही, ते तारे गिळत येतं. केतकी त्याचं लांबलचक नाव सांगायला लागली की कुसुम म्हणायची, "राहू गं राहू. नाव काहीही ठेवा." लायब्ररीतून त्या मालिकेची कॉमिक आणायची आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायची. तिचं जेवढं इंग्रजी सुधारलं ते म्हातारपणी, अंतराळात सुधारलं. डॉक्टरला ती "डॅमेज रिपोर्ट" विचारायची.

मला ती ओढून न्यायची. दुपारचा खेळ, म्हाताऱ्यांच्या तिकिटात चहा मिळतो तो. डब्यात चिवडा, तोही शेंगदाणे वेगळे भाजून, कारण अंधारात चावताना आवाज झालेला तिला चालायचा नाही. जहाज सुटलं की माझं मनगट धरायची. धरायची म्हणजे बोटं रुतायची. जहाज वाचलं की सोडायची आणि माझ्याकडे बघायची, जणू मीच चालवत होतो. एकदा मी म्हटलं, अगं, तिथं हवाच नाही, तर इंजिनचा आवाज कसा येईल? केतकी पलीकडून म्हणाली, काका बरोबर बोलतायत. कुसुम म्हणाली, "मग काय मुका बघू? तुम्ही दोघं कान झाका, मला ऐकू दे." आणि पिक्चर संपल्यावर मी उठायला लागलो की कोटाची बाही धरून खाली बसवायची. "बसा. नावं संपेपर्यंत बसायचं." कितीतरी नावं असतात. ती सगळी वाचल्यासारखी बघायची. निघताना आमच्या रांगेतला कचरा स्वतः उचलायची, दुसऱ्यांचाही, आणि दाराशी उभ्या असलेल्या पोरीच्या पिशवीत नेऊन टाकायची.

पुढचं कधी सांगायची नाही. कॉमिकमध्ये तिनं आधी वाचलेलं असायचं, मी विचारायचो, हा मरतो का गं? "बघा." एवढंच. ह्या पिक्चरवाल्यांच्यात तो नियमच आहे म्हणे. पुढचं ठाऊक असलं तरी दुसऱ्याला सांगायचं नाही. मला हा नियम तेव्हाही आवडला नव्हता.

तिची जागा सगळ्यात वरच्या रांगेत, मधोमध. तिथं जायला अंधारात पायऱ्या चढाव्या लागतात. मालिकेतल्या दुसऱ्या पिक्चरला ती पायऱ्यांवर मधेच थांबली. मी मागे होतो. म्हटलं, काय झालं? म्हणाली, जाहिरात बघतेय. पडद्यावर विम्याची जाहिरात होती. इकडे पाली नसतात, पण माझ्या मनात चुकचुकली. नंतर भलत्याच कुठल्यातरी पिक्चरला ती म्हणाली, आज मधल्या रांगेत बसू, वरून मान अवघडते. मग कधीतरी मधली रांगही सुटली आणि आम्ही खाली, दाराजवळ बसायला लागलो, जिथून पडदा तिरका दिसतो. एकेक रांग खाली येत होतो आम्ही.

मालिकेतल्या त्या दुसऱ्या पिक्चरचं शेपूट सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलं. सगळे वाचलेत, जहाज बंदराला लागलंय, पोरं नाचतायत. मग नावं. मग तो तुकडा. जहाज रिकामं, एकटा तांडेल सुकाणूवर बसलाय. त्याच्या पाठीमागचं दार हळूच आपोआप उघडतं. दारात काही नसतं, नुसता काळोख. पण भिंतीवरचे दिवे एकामागून एक विझत त्याच्याकडे यायला लागतात. म्हातारा मागे बघत नाही. त्याला कळलेलं असतं. तो फक्त सुकाणूवरचा हात घट्ट करतो... आणि बंद.

कुसुम उठेना. म्हणाली, "अहो, हा मेला तर पोरीला कोण?" मी म्हटलं, अगं, पिक्चर आहे. ती म्हणाली, "मला माहीत आहे पिक्चर आहे."

तिसरा यायला दोन-अडीच वर्षं लागली. त्याची गोष्ट कॉमिकमध्ये नव्हती, त्यामुळे ह्या खेपेला तिलाही पुढचं ठाऊक नव्हतं. त्या काळात तिचा श्वास जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीला संपायला लागला. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब, बदलायला लागेल. कन्सल्टंट डॉक्टर बाई चांगली होती, शांत. सगळं समजावलं. न बदलली तर काय होईल विचारलं, तर म्हणाली, हृदय फार दिवस वाट बघणार नाही. मग ऑपरेशनची तारीख आली. तारीख नेमकी पिक्चर लागायच्या आठवडाभर आधीची.

कुसुमनं माझ्यासमोर फोन उचलला आणि तारीख दोन आठवडे पुढे ढकलून मागितली. पलीकडची बाई म्हणत होती, हे शहाणपणाचं नाही. कुसुम म्हणाली, आय नो, डिअर. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी काय तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, तुला वेड लागलंय, जीव मोठा की सिनेमा मोठा? ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. म्हणाली, "मला भूल देणार. छाती उघडणार. उठले तर उठले. नाही उठले तर मी त्या दारात अडकून पडेन, कळतंय का? त्या म्हाताऱ्याचं काय झालं ते न कळता मी जाणार नाही."

"मी येऊन सांगेन की तुला. वॉर्डात."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही झोपता पिक्चरमध्ये."

ते खरं होतं.

नीता मँचेस्टरहून गाडी घेऊन आली. ती इथंच वाढली, तिचं मराठी वाकडं आहे, रागावली की अजून वाकडं होतं. "आई, हे कसली चॉइस आहे? एक मूव्हीसाठी? लोकं वेटिंग लिस्टवर मरतात आणि तू डेट परत देते?" कुसुम म्हणाली, "जेवलीस का?" नीता माझ्याकडे वळली, बाबा, तुम्ही काय बोलत नाही? मी म्हटलं, मी बोललो. तिनं पोळी लाटली. नीता जेवली नाही, तशीच परत गेली.

पिक्चर लागला त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दाराजवळच्या रांगेत बसलो. कुसुमनं नवीन पातळ नेसलं होतं. चिवडा आणला होता, पण डबा उघडला नाही. जहाज सुटलं आणि माझं मनगट धरलं. बोटं रुतली नाहीत. जोरच नव्हता. मी त्या दिवशी झोपलो नाही, पडदा कमी आणि तिचं तोंड जास्त बघितलं. ते उजळत होतं, विझत होतं, पडद्यावर काय चाललंय तसं. ती तीन-चारदा हसली. एकदा त्या कप्तान पोरीला म्हणाली, "डावीकडे, डावीकडे घे गं." एवढी सुखी मी तिला फार दिवसांत पाहिली नव्हती. शेवटी तांडेल सगळ्यांना उतरवून देतो, एकटा जहाज घेतो आणि त्या राहूच्या आत घालतो. उजेड फुटतो. गिळलेले तारे एकेक करून परत लागतात. हॉलमध्ये माणसं रडत होती, केतकी रडत होती. कुसुम नाही. तिला माहीत होतं अजून एक तुकडा आहे. "बसा," म्हणाली. मी कुठं उठलो होतो.

नावं सुरू झाली. ती पुढे सरकून बसली. तांडेल जिवंत असेल, कुठल्यातरी ग्रहावर वाळूत डोळे उघडेल, असं केतकीचं म्हणणं. कुसुमचं म्हणणं, काहीही दाखवा, पण दाखवा. नावं संपली. पडदा काळा झाला. आम्ही बसलो. आणखी बसलो. मग दिवे लागले.

काहीच नव्हतं. मालिका संपली होती, पुढचं काही काढणार नव्हते, म्हणून तुकडा जोडलाच नाही. केतकीनं फोनमध्ये बघून सांगितलं. कुसुम त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिली. झाडणारी पोरगी पिशवी घेऊन भिंतीशी उभी होती, ही उठायची वाट बघत. मी म्हटलं, चल, बरंच झालं की, संकट संपलं. ह्या खेपेला कोणी येत नाही.

ती म्हणाली, "इतकी वर्षं दाखवायचे, म्हणून कळायचं काय येतंय ते. आज दाखवलं नाही. दाखवलं नाही म्हणजे यायचं नाही असं थोडंच आहे?"

बसमध्ये ती खिडकीशी बसली. उतरताना म्हणाली, "गेला बिचारा. पण मागे बघितलं नाही त्यानं." दुसऱ्या दिवशी बॅग भरायला घेतली. घाबरली नव्हती. मी घाबरलो होतो. मला रात्रंदिवस तो काळा पडदा दिसायचा, दिवे लागायच्या आधीचा. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

स्मशानात, म्हणजे इथं क्रिमेटोरियममध्ये, पेटी आत जाऊन पडदा लागल्यावर नीता माझ्या कानाशी म्हणाली, "दोन वीक्स, बाबा. एक कार्टूनसाठी." डॉक्टर बाईनं आम्हाला सांगितलं होतं की ही गाठ कधीही झाली असती, आधी केलं असतं तरी झाली असती. नीता म्हणाली, असं सगळ्यांनाच सांगतात. खरं काय ते मला कळत नाही. मी इंजिनं बघितलेला माणूस, पण आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही की त्या दोन आठवड्यांनी काही झालं नाही. नीताचा फोन येईना. मी करायचो तर कामात आहे म्हणायची. मला वाटलं, आई गेली ती गेली, आता ही पण जाते.

मग एका रविवारी ती न सांगता दारात उभी. चहा केला, प्यालो. इकडचं तिकडचं बोललो. शेवटी कोट न काढताच म्हणाली, "दाखवा मला. होतं काय एवढं त्यात?" मी म्हटलं, तिसरा एकदम बघून काही कळायचं नाही. पहिल्यापासून बघायला लागेल. ती म्हणाली, मग लावा. ती कुसुमच्या खुर्चीत बसली, मी माझ्या. पहिला पिक्चर तिनं हाताची घडी घालून बघितला, खटल्याला बसल्यासारखा. नावं सुरू झाल्यावर उठायला लागली. मी म्हटलं, थांब. तिनं तो तुकडा बघितला आणि गेली. पण पुढच्या रविवारी आली.

दुसऱ्याला तिनं कोट काढला. मधे एकदा तांडेल कप्तान पोरीवर खेकसतो, तेव्हा नीता फिसकन हसली. "बाबा, हा तुम्ही आहे." मी म्हटलं, तुझी आई पण तेच म्हणायची. मग बंदर, नाच, नावं. ह्या खेपेला ती उठली नाही. दार उघडलं. दिवे विझत आले. म्हाताऱ्यानं हात घट्ट केला, आणि बंद.

नीता खुर्चीतून पुढे झाली होती. "नो," म्हणाली. "असं कसं? मग काय होतं त्याचा?"

"पुढच्यात आहे."

"लावा ना मग."

"सहा वाजले. तुला मँचेस्टरला जायचंय. पुढच्या रविवारी."

"एक वीक? बाबा, मी एक वीक कशी थांबू आता?"

बोलली आणि तशीच थांबली. तोंड उघडं. टीव्हीकडे बघत राहिली, तो कधीच काळा झाला होता. मग तिनं विचारलं, "आई किती थांबली होती?"

"दोन-अडीच वर्षं."

ती उठली. कोट घातला, बटणं चुकीची लावली, परत काढून लावली. दाराशी जाऊन म्हणाली, "मी यायच्या आधी तिसरा लावायचा नाही."

"मी बघितलाय तो."

"तरी नाही."

हे मी गुरुवारी लिहितोय. रविवार येतोय. ती ह्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसेल, पुढे सरकून, आणि नावं संपेपर्यंत उठायची नाही, आता मला माहीत आहे. त्यानंतर काही नाही हेही मला माहीत आहे. तिनं जाताना विचारलं होतं, शेवटी काय दाखवतात, बाबा?

मी म्हटलं, बघ.